सल्लागार व्हायचे आहे? आधी खात्यात उभे राहून मोजायला शिका

गेल्या काही वर्षांत आमच्या मोहल्ल्यांतील शिकलेल्या मुलामुलींच्या तोंडी एक शब्द वारंवार ऐकू येतो. तो म्हणजे 'कन्सल्टंट'. मदनपुरा असो, नागपाडा असो की परळ-लालबाग, इंजिनिअरिंग किंवा कॉमर्स झालेला मुलगा सांगतो की एमबीए करून सल्लागार कंपनीत जायचे आहे. इरादा चांगला आहे. या कामात पगार आहे आणि इज्जतही आहे. पण सल्ला कशाचा देणार, असे विचारले की बहुतेक जण गप्प होतात. लाखो रुपयांची फी भरण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर तयार असले पाहिजे.

आम्ही कापडाच्या धंद्यात तीस वर्षे काढली. या काळात जे सल्लागार खरोखर उपयोगी पडताना पाहिले, त्यांच्यात एक गोष्ट सारखी होती. त्यांना काम कसे चालते ते माहीत होते. माल कोठे अडतो, यंत्र का थांबते, माणूस कशाची वाट पाहत उभा आहे, हे ते आकड्यांत सांगू शकत होते. या विद्येला 'ऑपरेशन्स मॅनेजमेंट' म्हणतात. सल्लागाराच्या पेशाची पायाभरणी म्हणून हा विषय कसा अभ्यासावा, याचा विचार आज करू.

विषय काय आहे?

कच्चा माल आत येतो आणि तयार माल बाहेर जातो. मधे जे जे घडते ते सारे ऑपरेशन्स. कारखान्यात सुताचे कापड होते, इस्पितळात आजारी माणूस बरा होऊन घरी जातो, बँकेत अर्जाचे कर्ज होते. तिन्ही ठिकाणी प्रश्न तेच असतात. किती वेळ लागतो? किती माल किंवा किती माणसे रांगेत आहेत? किती काम पुन्हा करावे लागते? खर्च कोठे होतो? कामाचा अभ्यास, उत्पादनाचे नियोजन, साठ्याचे नियंत्रण, गुणवत्तेचे नियंत्रण, यंत्रांची देखभाल आणि माल पोहोचविण्याची व्यवस्था हे या विषयाचे मुख्य भाग आहेत.

पुस्तकात हे भाग वेगवेगळ्या प्रकरणांत असतात. खात्यात ते एकमेकांत गुंतलेले असतात. म्हणून एका साच्यापासून सुरुवात करू.

पहिला धडा : थांबलेला वेळ

गिरणगावात मागाला 'साचा' म्हणत आणि विणाई खात्याला 'साचेखाते'. समजा, एका साच्याची पाळी आठ तासांची, म्हणजे ४८० मिनिटांची आहे. आपण वही घेऊन शेजारी उभे राहिलो आणि साचा जेव्हा जेव्हा थांबला तेव्हा कारण आणि वेळ लिहून घेतली. पाळी संपल्यावर हिशोब असा निघाला :

ताण्याचा धागा तुटला – ३० मिनिटे
बाण्याचा धागा तुटला किंवा संपला – २० मिनिटे
नवीन बीम येण्याची वाट पाहिली – ५० मिनिटे
मिस्त्रीची वाट पाहिली – ३० मिनिटे
सफाई – १० मिनिटे

एकूण १४० मिनिटे साचा बंद होता. चालला ३४० मिनिटे. ३४० भागिले ४८० म्हणजे सुमारे ७१ टक्के. आता मालक म्हणतो, "माझा विणकर कामचुकार आहे, ७१ टक्क्यांवरच अडकला आहे." पण वहीत पाहा. १४० पैकी ८० मिनिटे बीम आणि मिस्त्रीची वाट पाहण्यात गेली. ती विणकराच्या हातात नव्हती. धागे तुटण्याची ५० मिनिटेही पूर्णपणे त्याची नाहीत. सूत कच्चे असेल किंवा ताण्याला खळ नीट बसली नसेल, तर धागा तुटणारच.

हा साधा हिशोब आहे, पण त्यावर माणसाची रोजी अवलंबून असते. ज्याने कारणे न लिहिता नुसते टक्के लिहिले, त्याच्या अहवालावर विणकराला काढून टाकले जाईल. ज्याने कारणे लिहिली, त्याच्या अहवालावर बीम वेळेवर आणण्याची व्यवस्था होईल. घड्याळ दोघांचे एकच असते.

गिरणगावाने हे पूर्वी पाहिले आहे

हा प्रश्न नवा नाही. १९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या गिरण्या मंदीत सापडल्या. तेव्हा काही गिरण्यांनी, विशेषतः ससून समूहाच्या गिरण्यांनी, 'एफिशियन्सी' नावाची पद्धत आणली. विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळावेत, कताईत कामगाराने यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात, अशी ही योजना होती. कागदावर हिशोब सरळ होता. माणसे कमी लागतील आणि कापड तेवढेच निघेल. कामगारांचे म्हणणे होते की बेकारी वाढेल, अंगावरचा भार वाढेल, आणि निकृष्ट सूत हातात असताना जादा साचे सांभाळायचे कसे?

एप्रिल १९२८ मध्ये संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते आणि तो ऑक्टोबरपर्यंत चालला. याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. संप मिटताना वेतनाच्या आणि कामाच्या प्रमाणीकरणाचा प्रश्न फॉसेट समितीकडे सोपविण्यात आला. संपाची कारणे अनेक होती, पण साच्यांची संख्या वाढविणे हे त्यांतले एक मोठे कारण होते.

ऑपरेशन्सच्या विद्यार्थ्याने या इतिहासातून एक गोष्ट शिकावी. एका माणसाला किती साचे द्यावेत हे सुताचा दर्जा, यंत्राची स्थिती, बीम-मिस्त्रीची व्यवस्था आणि वाचलेल्या पैशाची वाटणी यांवर ठरते. हे सारे सोडून फक्त माणूस मोजला, तर हिशोब कागदावर बरोबर येतो आणि खात्यात मोडतो.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. वेतन, बोनस आणि युनियनच्या मान्यतेचे प्रश्न त्यात होते. त्यानंतर बहुतेक गिरण्या पूर्वपदावर आल्या नाहीत. कापडाचे काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे आधीच सरकू लागले होते, ते आणखी वेगाने गेले. आज लोअर परळला ज्या जमिनींवर साचे होते, तिथे उंच इमारतींत कार्यालये आहेत. त्यांत सल्लागार कंपन्याही आहेत. तिथे नोकरीला जाणाऱ्या आमच्या मुलांनी खालची जमीन कशाची आहे हे जाणून घ्यावे.

दुसरा धडा : माल तुंबण्याची जागा

प्रत्येक कामाच्या साखळीत एक टप्पा सर्वांत हळू असतो. इंग्रजीतून आलेला 'बॉटलनेक' हा शब्द आता सर्वांना ठाऊक आहे. आम्ही त्याला माल तुंबण्याची जागा म्हणतो. समजा, एका कारखान्यात ताणा तयार करण्याची क्षमता रोज १,२०० मीटर कापडाइतकी आहे. साचे रोज १,००० मीटर विणतात. पण कापड तपासून, डाग आणि गाठी काढून घडी घालणारे टेबल एकच आहे आणि तिथे रोज ७०० मीटरच होते. बाजारात रोज किती कापड जाईल? ७०० मीटर.

आता मालकाने कर्ज काढून आणखी दोन साचे घेतले, तर काय होईल? टेबलापुढील ढीग वाढेल, व्याज वाढेल आणि बाजारात कापड ७०० मीटरच जाईल. त्याऐवजी एक टेबल आणि एक माणूस वाढवला, तर कापड १,००० मीटरपर्यंत जाऊ शकते. इथे एका माणसाला काम मिळते आणि मालकाचा नफाही वाढतो. एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८४ साली 'द गोल' ही कादंबरीच या एका कल्पनेवर लिहिली. कादंबरी असल्याने ती वाचायला सोपी आहे. विद्यार्थ्यांनी तिच्यापासून सुरुवात करावी.

तिसरा धडा : पडून असलेला माल

व्यापाऱ्याला हा धडा लवकर कळतो. समजा, दादरच्या एका कापड दुकानाच्या गोदामात ६०० तागे आहेत आणि रोज २० तागे विकले जातात. ६०० भागिले २० म्हणजे ३० दिवस. आज आलेला तागा सरासरी एक महिना पडून राहणार. या हिशोबाला 'लिटल्स लॉ' म्हणतात. जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकाने १९६१ साली त्याची गणिती सिद्धता दिली. रांगेतील संख्या ही येण्याचा वेग आणि थांबण्याचा सरासरी वेळ यांच्या गुणाकाराइतकी असते. हा नियम दवाखान्यातील रांगेलाही लागू पडतो आणि बँकेतील अर्जांनाही.

आता यात पैसा घाला. एका ताग्याची किंमत ४,००० रुपये धरली, तर ६०० ताग्यांत २४ लाख रुपये अडकले. साठा ४०० ताग्यांवर आणता आला, तर ८ लाख मोकळे होतात आणि उधारीचा बोजा कमी होतो. पण कोणते २०० तागे कमी करायचे? यासाठी प्रत्येक ताग्यावर चिठ्ठी हवी. रंग, दर्जा, आल्याची तारीख. चिठ्ठी नसेल तर उत्तम सल्लागारही अंदाजच सांगणार.

तारापूर-उंबरगावचा प्रयोग

आपल्या जवळचाच एक मोठा प्रयोग या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावा. निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली मुंबईच्या उत्तरेकडील तारापूर आणि उंबरगाव भागातील १७ कापड कंपन्यांच्या २८ कारखान्यांत काम सुरू केले. या कंपन्या खानदानी मालकीच्या होत्या. एका आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपनीची माणसे त्यांना मोफत देण्यात आली. काही कारखान्यांत महिनाभर फक्त पाहणी झाली. काहींत पाहणीनंतर आणखी चार महिने सल्ला अंमलात आणण्याचे काम झाले. अशा रीतीने सल्ला मिळालेले आणि न मिळालेले कारखाने यांची तुलना करता आली.

सल्ला काय होता? एकूण ३८ बाबींची यादी होती आणि तिच्यात जादू काही नव्हती. यंत्रांची देखभाल ठरल्या तारखेला करावी. यंत्र का थांबले ते लिहावे. कापडातील दोष प्रकारवार रोज नोंदवावेत आणि त्यांवर रोज बैठक घ्यावी. सुताचा साठा रंग-दर्जाप्रमाणे लावून त्यावर चिठ्ठ्या लावाव्यात. चांगल्या कामाला बक्षीस द्यावे. वर आपण जे तीन धडे पाहिले, तेच हे.

पहिल्याच वर्षात सल्ला मिळालेल्या कारखान्यांची उत्पादकता सुमारे १७ टक्क्यांनी वाढली. दोष कमी झाले आणि साठाही घटला. हे संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झाले. इतका फायदा होता, तर मालकांनी हे आधी का केले नाही? संशोधकांना आढळले की अनेकांना या गोष्टी माहीतच नव्हत्या, किंवा आपल्याला त्यांची गरज नाही असे त्यांना वाटत होते. आणखी एक गोष्ट दिसली. या कंपन्या किती मोठ्या होतील, हे घरात धंद्यात पडू शकणारे पुरुष किती आहेत यावर बरेचसे अवलंबून होते, कारण बाहेरच्या माणसावर कारभार सोपविण्याची तयारी नव्हती. आमच्या व्यापारी घराण्यांनी हे वाचून स्वतःकडे जरूर पाहावे.

पण या अभ्यासाचा पुढचा भाग विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. २०१७ साली संशोधक पुन्हा त्या कारखान्यांत गेले. ज्या पद्धती सुरू केल्या होत्या, त्यांपैकी जवळजवळ निम्म्या बंद पडल्या होत्या. मुख्य कारणे दोन होती. मॅनेजर बदलले, आणि मालकांना लक्ष द्यायला वेळ उरला नाही. तरीही सल्ला मिळालेले कारखाने इतरांपेक्षा पुढेच होते, आणि काही पद्धती त्याच मालकांच्या दुसऱ्या कारखान्यांतही पोहोचल्या होत्या. म्हणजे सल्लागाराची खरी परीक्षा तो निघून गेल्यावर सुरू होते. वही कोण लिहिणार, तो गेल्यावर दुसरा कोण लिहिणार, हे ठरल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नये.

आम्ही एका कारखान्यात सल्लागाराचा ऐंशी पानी अहवाल कपाटात पडलेला पाहिला आहे. चित्रे सुंदर होती. पण तो इंग्रजीत होता आणि साच्यावरच्या माणसापर्यंत त्यातील एक ओळही पोहोचली नव्हती. त्याच कारखान्यात मुकादमाने खडूने भिंतीवर लिहिलेला रोजचा आकडा मात्र सर्वजण येता-जाता पाहत होते.

शिक्षण कोठे व कसे घ्यावे?

मुंबईत या विद्येची परंपरा जुनी आहे. माटुंग्याची व्हीजेटीआय ही संस्था १८८७ साली स्थापन झाली आणि गिरण्यांना तयार माणसे पुरविणे हे तिचे सुरुवातीचे मोठे काम होते. १९५२ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे उत्पादकता पथक भारतात आले. त्याने मुंबई आणि अहमदाबादच्या कापड गिरण्यांतही काम केले. १९५८ साली राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली. पवईची 'नीटी' ही संस्था औद्योगिक इंजिनिअरिंगच्या प्रशिक्षणासाठी १९६३ साली निघाली. २०२३ पासून ती आयआयएम मुंबई झाली आहे. चर्चगेटची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची आणि माटुंग्याची वेलिंगकर संस्था १९७७ ची. आयआयएमसाठी 'कॅट' परीक्षा द्यावी लागते, जमनालाल बजाजसाठी राज्याची सीईटी.

प्रवेश मिळो वा न मिळो, तयारी आजपासून करता येते. आमचा सल्ला असा आहे :

१) कामाचा अभ्यास पहिला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे कार्यअभ्यासावरील पुस्तक १९५७ साली प्रथम निघाले. ते आजही पायाभूत मानले जाते. एखादे काम टप्प्याटप्प्याने कागदावर कसे मांडावे आणि वेळ कशी घ्यावी, हे त्यातून शिकावे.

२) संख्याशास्त्राला घाबरू नये. सरासरी, विचलन आणि नमुना तपासणी एवढे पक्के केले तरी गुणवत्ता नियंत्रणाचे दार उघडते. कापडातील दोष मोजताना हेच लागते.

३) कॉस्टिंग शिकावे. एक मीटर कापडाचा खर्च किती, हे ज्याला काढता येत नाही, त्याने मालकाला भाव सांगू नये.

४) पदवीनंतर शक्य तर दोन वर्षे कारखान्यात, गोदामात किंवा वाहतुकीच्या कामात नोकरी करावी. पगार कमी मिळाला तरी चालेल. मुलाखतीत आणि पुढे मालकासमोर या दोन वर्षांचे वजन पडते.

५) शहरात डोळे उघडे ठेवून फिरावे. दादर स्टेशनवर डबेवाल्यांचे काम पाहावे. १८९० साली सुरू झालेल्या या व्यवस्थेवर हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० साली अभ्यास लिहिला. लोकल मिनिटभरही थांबत नाही, म्हणून डबे आधीच ठिकाणाप्रमाणे लावून ठेवतात. झाकणावरच्या खुणेत पत्ता मावतो. गटात काही माणसे राखीव असतात, म्हणजे कोणी आजारी पडला तरी डबा अडत नाही. २०२० च्या टाळेबंदीनंतर डबेवाल्यांची संख्या बरीच घटली, तीही अभ्यासाची बाब आहे. मागणीच थांबली तर उत्तम व्यवस्थाही उभी राहू शकत नाही.

भाषेबद्दल एक शब्द. आम्ही स्वतः उर्दू माध्यमात शिकलो. उर्दू किंवा मराठी माध्यमातील मुलांना वाटते की इंग्रजीमुळे आपण मागे पडू. इंग्रजी शिकावीच लागेल, त्याला इलाज नाही. पण साच्यावरचा विणकर, गोदामातील हमाल आणि खात्यातील मुकादम यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलता येणे ही या पेशातील मोठी पुंजी आहे. भिवंडीच्या कारखान्यात उर्दू, भोजपुरी, तेलुगू आणि मराठी एकाच पाळीत ऐकू येतात. यंत्र खरे का थांबले, हे मालकाला नव्हे, तर त्या माणसाला माहीत असते. त्याने विश्वासाने सांगितले तरच आपली वही खरी होते.

काम स्वीकारण्यापूर्वी एक प्रश्न

शेवटी जबाबदारीची गोष्ट. सल्लागाराला मालक पैसे देतो, पण त्याच्या आकड्यांचा परिणाम खात्यातील प्रत्येकावर होतो. म्हणून आमच्या तरुणांनी काम हाती घेताना पहिल्याच दिवशी मालकाला विचारावे : "मी वेळ आणि माल वाचवून दिला, तर त्याचे तुम्ही काय करणार?" उत्पादन वाढवणार, नवी ऑर्डर घेणार, पगारात वाटा देणार, की माणसे कमी करणार? उत्तर काहीही असो, ते आधी माहीत असावे, आणि कामगारांनाही माहीत असावे. चोरून घेतलेली वेळ खरी निघत नाही. आपल्यावर कोणी घड्याळ लावले आहे हे समजले की माणूस हात जपून चालवतो, आणि आपला सारा हिशोब चुकतो.

जे पालक मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज काढण्याच्या विचारात आहेत, त्यांनी आधी एक छोटी परीक्षा घ्यावी. मुलाला किंवा मुलीला एक कोरी वही द्यावी आणि ओळखीच्या कारखान्यात, दुकानात किंवा दवाखान्यात परवानगी घेऊन आठवडाभर बसवावे. काम कोठे थांबते, किती वेळ थांबते आणि का थांबते, एवढेच लिहायला सांगावे. आठवड्यानंतर वहीत कारणे नीट लिहिलेली असतील आणि कामगारांची नावे आदराने घेतलेली असतील, तर फी भरायला हरकत नाही.